जखमेवरचे रेशीम

(दांडी येथे पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. स्मरणिकेसाठी देताना आकडे पुन्हा तपासून घेतले आहेत व भाषणानंतर विचारलेल्या दोन प्रश्नांची उत्तरे शेवटी जोडली आहेत.)



आजचा विषय फळ्यावर लिहिला तेव्हा मागच्या बाकावरची मुले हसली. रेशीम म्हणजे लग्नातला शालू, फार तर पैठणी. त्याचा जखमेशी काय संबंध? आणि तो संबंध भाषा व इतिहास शिकवणाऱ्या बी.ए., बी.एड. मास्तराने का सांगावा? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. विज्ञानाच्या मास्तरांना पोर्शन पुरा करायचा असतो, मला भाषणाला वेळ मिळतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र तुमच्यापैकी अनेकांच्या अंगावरच आहे. ज्याला कधी टाके पडले असतील त्याने आठवून पाहावे. डॉक्टरांनी ज्या काळ्या दोऱ्याने कातडी शिवली तो दोरा बऱ्याचदा रेशमाचा असतो. पीळ घालून विणलेला आणि वर मेण किंवा सिलिकोन लावलेला. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात गॅलन या ग्रीक वैद्याने तुटलेल्या रक्तवाहिन्या बांधण्यासाठी रेशमाची शिफारस केली होती. म्हणजे माणसाच्या मांसात रेशीम घालण्याची रीत अठराशे वर्षांची जुनी आहे. नवे आहे ते एवढेच, की आता दोरा म्हणून नव्हे तर विरघळवून, पुन्हा गोठवून, पापुद्रा, स्पंज किंवा भुकटी करून ते जखमेवर ठेवले जाते.

आपल्या भागात जखमेचा विषय परका नाही. मिठाच्या सत्याग्रहाची दांडी गुजरातेत आहे, पण मीठ आणि जखम यांची गाठ आपल्या दांडीतही रोजच पडते. होडी ओढताना दोराने हात सोलतो, मासळी निवडताना शिंगाळ्याचा काटा तळहातात मोडतो, कालवे फोडताना बोट कापते. दुसऱ्या बाजूला तारापूरची औद्योगिक वसाहत. तिथे बॉयलर आहेत, आम्ल आहे, वाफ आहे. जानेवारी २०२० मध्ये तेथील एका रासायनिक कारखान्यात स्फोट होऊन माणसे गेली, ते तुम्ही विसरला नसाल. मोठी घटना वर्तमानपत्रात येते, पण हातावर वाफ आली, पायावर रसायन सांडले, असल्या भाजण्याची बातमी होत नाही. आणि स्वयंपाकघरात आमच्या आया-बहिणी तेलाने, पेजेने, कुकरच्या वाफेने भाजतात ते तर कोणी मोजतच नाही.

यात भर मधुमेहाची. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख माणसांना मधुमेह आहे. साखर वाढलेल्या माणसाच्या पायाची संवेदना हळूहळू कमी होते, रक्तपुरवठा मंदावतो, आणि लहानशी चीर महिनोन्‌महिने भरत नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या वडिलांची गोष्ट सांगतो; नाव-गाव सांगत नाही. बर्फाच्या कारखान्यात काम, पायात चप्पल नाही. टाचेला काहीतरी टोचले, दुखले नाही म्हणून पाहिले नाही. दिसले तेव्हा वर हळद, मग कोणीतरी दिलेली पांढरी पावडर, मग कोरडी पट्टी, दर दोन दिवसांनी खसकन ओढून काढलेली. चार महिन्यांनी दोन बोटे काढावी लागली. मुलगा त्या वर्षी दहावीला होता. परीक्षेच्या आधीचे सहा आठवडे तो वडिलांना पाठीशी घेऊन रिक्षा ते दवाखाना करीत होता. त्या घरचे नुकसान बोटांइतकेच, की त्याहून जास्त, हे तुम्हीच ठरवा.

खसकन ओढून काढलेली पट्टी म्हणालो. तिथेच थोडे थांबू, कारण सगळा विषय त्यात आहे. पट्टी कशासाठी बांधतात? धूळ-माशी लागू नये, रक्त टिपले जावे, हे खरेच. पण आपल्याकडे आणखी एक समज घट्ट बसला आहे, की जखम जितकी सुकी तितकी बरी. 'वारा लागू दे, खपली धरू दे,' असे आपल्या प्रत्येक घरात म्हटले जाते. १९६२ मध्ये जॉर्ज विंटर या इंग्रज संशोधकाने डुकरांच्या पाठीवरच्या उथळ जखमांवर एक साधा प्रयोग केला. काही जखमा उघड्या ठेवल्या, काहींवर प्लास्टिकचा पातळ पापुद्रा चिकटवून त्या ओलसर राहतील असे पाहिले. ओलसर जखमांवर नवी त्वचा जवळजवळ दुप्पट वेगाने पसरली. कारण समजायला कठीण नाही. नव्या त्वचेच्या पेशी जखमेच्या काठावरून आत सरकत येतात. वाट ओली असेल तर त्या सरळ चालत येतात. खपलीचे कोरडे कवच असेल तर त्यांना त्याच्या खालून बोगदा खणत यावे लागते. आणि जाळीची कोरडी पट्टी त्या खपलीत रुतली असेल तर पट्टीबरोबर चार दिवसांची नवी त्वचा उपटून येते. पोर कळवळते, आई तोंड फिरवते, आणि आपण म्हणतो, "सहन कर, बरे होते आहे." खरे तर पट्टी काढताना तेच बरे होणे उपटले जात असते.

ओलसर म्हणजे चिखल नव्हे, हेही सांगितले पाहिजे. घाणेरडे पाणी साचले, पू झाला, तर जंतूंचीच चैन. म्हणून चांगली पट्टी अशी हवी, की ती आतला ओलावा राखील, जास्तीचा स्राव शोषून घेईल, हवा जाऊ देईल, जंतू येऊ देणार नाही, काढताना चिकटणार नाही आणि शरीराला परकी वाटणार नाही. एवढ्या सगळ्या अटी पुऱ्या करणारा पदार्थ शोधता शोधता संशोधक ज्या काही थोड्या वस्तूंपाशी आले त्यांत एक रेशीम.

आता त्या किड्याकडे वळू. तुतीच्या पानांवर वाढणारी ही अळी अंड्यातून निघते तेव्हा राईच्या दाण्याहून लहान. चार वेळा कात टाकते, सुमारे पंचवीस ते अठ्ठावीस दिवस खात राहते आणि तेवढ्यात तिचे वजन दहा हजार पटींच्या घरात वाढते. मग खाणे सोडते, डोके इंग्रजी आठच्या आकड्यासारखे हलवीत दोन-तीन दिवसांत स्वतःभोवती कोष विणते. एका कोषात सलग धागा किती? सहाशे मीटरपासून दीड हजार मीटरपर्यंत. तो धागा दोन पदरांचा असतो. आतला गाभा फायब्रॉइन नावाच्या प्रथिनाचा, त्यावर सेरिसिन नावाच्या प्रथिनाचा डिंक. वजनात गाभा सत्तर ते ऐंशी टक्के, बाकीचा बहुतेक डिंक.

अळीच्या पोटातल्या ग्रंथीत हे प्रथिन पाण्यात विरघळलेल्या दाट द्रवाच्या रूपात असते. तोंडातून बाहेर येताना ताण पडतो, पाणी कमी होते आणि द्रवाचा धागा बनतो. एकदा बनला की पाण्यात विरघळत नाही. आपल्या बोईसरला सियाराम सिल्क मिल्स हे नाव लहान पोरालाही ठाऊक आहे, पण नावात सिल्क असले तरी ही गिरणी प्रसिद्ध आहे ती पॉलिएस्टर-मिश्रित सुटिंगसाठी. पॉलिएस्टरचा धागा काढायचा तर कच्चा माल दोनशे ऐंशी अंश सेल्सियसच्या आसपास वितळवावा लागतो. अळी तेच काम पाण्यात, घरातल्या साध्या उष्णतेत, पाने खाऊन करते. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला याहून खाली मान घालायला लावणारी गोष्ट मला तरी माहीत नाही.

ही किमया होते कशी? फायब्रॉइनच्या लांबलचक साखळीत ग्लायसीन आणि अ‍ॅलानीन ही दोन लहान अमिनो आम्ले, मधूनमधून सेरीन, पुन्हा पुन्हा त्याच क्रमाने येतात. मणी लहान आणि सारखे असल्यामुळे साखळ्या एकमेकींना लागून, चटईच्या काड्यांसारख्या, घट्ट रचल्या जातात. या रचनेला बीटा-पत्रे म्हणतात. जिथे पत्रे दाट तिथे रेशीम कडक व टिकाऊ. जिथे साखळ्या सैल तिथे मऊ व लवकर विरघळणारे. संशोधकांच्या हाती लागलेली किल्ली हीच. पत्रे किती दाट करायची हे ठरवले की पट्टी काही दिवसांत विरून जाईल की महिनोन्‌महिने टिकेल, हे बऱ्याच अंशी ठरवता येते.

प्रयोगशाळेतली कृती ऐकली तर तुम्हाला स्वयंपाकघर आठवेल. पाच ग्रॅम कोष घ्यायचे, कातरीने कापून आतला किडा काढून टाकायचा. दोन लिटर पाण्यात सुमारे सव्वाचार ग्रॅम सोडियम कार्बोनेट, म्हणजे आपला धुण्याचा सोडा, घालून उकळायचे आणि त्यात कोष अर्धा तास शिजवायचे. डिंक निघून जातो, उरतो पांढरा कापसासारखा गाभा. तो धुऊन, सुकवून लिथियम ब्रोमाइड या क्षाराच्या अतिशय दाट द्रावणात साठ अंशांवर चार तास ठेवला की विरघळतो. मग हे द्रावण बारीक छिद्रांच्या नळीत भरून दोन दिवस पाण्यात बुडवून ठेवतात. क्षार बाहेर निघून जातो, प्रथिन आत राहते. हाती येते ते अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखे पातळ पाणी, त्यात सहा ते आठ टक्के रेशीम. ते काचेवर पसरून सुकवले तर पारदर्शक पापुद्रा. गोठवून निर्वात सुकवले तर स्पंज. विजेच्या दाबाखाली सुईतून फवारले तर केसाहून कितीतरी बारीक तंतूंची चादर. शेवटी अल्कोहोल किंवा पाण्याची वाफ देऊन पत्रे पक्की करतात, जसा उकडल्यावर बलक घट्ट होतो आणि पुन्हा पातळ होत नाही. या कृतीचा मोठा प्रसार अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठातील डेव्हिड कॅपलान यांच्या प्रयोगशाळेने केला. २०११ मध्ये त्यांनी ती पायरी-पायरीने छापून सर्वांना मोकळी करून दिली.

विद्यार्थ्यांनी यातला एक मुद्दा टिपून ठेवावा. साडीचा धागा काढायचा तर कोष अखंड हवा. पतंग कोष फोडून बाहेर आला तर सलग धागा तुटतो, म्हणून आतल्या जिवाला उष्णता देऊन आधीच मारतात. पट्टीसाठी मात्र रेशीम विरघळवायचेच असल्याने फुटका, डागाळलेला, धाग्याला निकामी ठरलेला कोषही चालू शकतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही बारीक गोष्ट नाही.

डिंकाचीही एक कथा आहे. पूर्वी डिंक न काढलेल्या रेशमी दोऱ्याने काही रुग्णांना दाह व्हायचा, म्हणून सेरिसिनवर बरीच वर्षे आळ होता. पुढे दिसून आले, की वेगळे काढलेले सेरिसिन इतके वाईट नाही. उलट ते पाणी धरून ठेवते. थायलंडमध्ये भाजलेल्या २९ रुग्णांच्या ६५ जखमांवर, डॉक्टर नेहमी लावतात त्या चांदीयुक्त पांढऱ्या मलमात सेरिसिन मिसळून पाहिले गेले. २०१३ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. सेरिसिन असलेल्या मलमाने जखमा पूर्ण भरायला सरासरी सुमारे २२ दिवस लागले, नुसत्या मलमाने सुमारे २९. फायब्रॉइनच्या पापुद्र्याची चाचणी चीनमध्ये ७१ रुग्णांवर झाली आणि ती २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. कातडी रोपणासाठी मांडीवरून त्वचेचा पातळ थर काढतात, त्या जागेवर हा पापुद्रा लावला. रेशमाखाली जखम सरासरी दहा दिवसांच्या आत भरली, तुलनेच्या पट्टीखाली अकरा दिवसांहून थोडे जास्त लागले.

दीड दिवसाचा फरक. एवढ्यासाठी एवढा खटाटोप? असे एका सहकाऱ्याने मला विचारले. रोजावर जाणाऱ्या माणसाला दीड दिवसाचा अर्थ विचारा, असे मी म्हणालो. पण त्याचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते. या चाचण्या लहान आहेत, आणि मधुमेहाची जुनी जखम ही मांडीवरच्या स्वच्छ, ताज्या जखमेसारखी नसते. वर्तमानपत्रात 'चमत्कारी पट्टी' असे मथळे येतात तेव्हा हा फरक कोणी सांगत नाही.

आपल्या देशाचे म्हणाल तर बंगळूरच्या फायब्रोहील वूंडकेअर या कंपनीने रेशमी प्रथिनांची जखमेसाठीची उत्पादने बाजारात आणली आहेत. महाराष्ट्रात हे काम पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत झाले आहे. तेथील डॉ. अनुया निसळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेशमाचे सूक्ष्म कण एकमेकांना जोडून सच्छिद्र ठोकळे बनवले; हाडातली पोकळी भरून काढण्यासाठी त्यांचा उपयोग होतो, असे त्यांचे संशोधन २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातूनच सेरिजेन मेडिप्रॉडक्ट्स ही कंपनी उभी राहिली. हे जखमेचे नव्हे, हाडाचे काम आहे. पण कोष तोच, शिजवणेही त्याच जातीचे. मराठवाड्यातल्या जालना-बीडकडच्या शेतकऱ्याने पिकवलेला कोष पूर्वी विकायला कर्नाटकात रामनगरला न्यावा लागे. २०१८ मध्ये जालन्याला कोषाची बाजारपेठ सुरू झाली. एकीकडे बाजार, दुसरीकडे प्रयोगशाळा, दोन्ही एकाच राज्यात आहेत, आणि त्या दोहोंमधला रस्ता अजून फारसा मळलेला नाही.

आणखी एक रेशीम महाराष्ट्रात आहे, त्याचे मला विशेष अगत्य वाटते. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या भागात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसरच्या अळ्या पाळतात. त्याला तिकडे कोसा म्हणतात. भंडाऱ्याजवळच्या आंधळगावचे कोशाचे कापड नावाजलेले आहे. या अळ्या पाळणाऱ्यांत ढिवर समाज मोठा आहे, म्हणजे मूळचे मासेमारी करणारेच लोक. आपल्या कोळी-मांगेला बांधवांना हे ऐकून गंमत वाटेल. मराठीने तर आधीच जाळे विणणाऱ्या किड्याला आणि जाळे टाकणाऱ्या माणसाला एकच नाव देऊन ठेवले आहे! टसरच्या प्रथिनात आर्जिनीन, ग्लायसीन आणि अ‍ॅस्पार्टिक आम्ल या तिघांचा एक छोटा तुकडा असतो, तो तुतीच्या रेशमात नसतो. आपल्या पेशींना हा तुकडा ओळखीचा असतो. त्याला त्या हात धरल्यासारख्या चिकटतात. म्हणून जखमेच्या कामासाठी टसरकडे संशोधकांचे लक्ष आहे. ऐनाची झाडे आपल्या जव्हार-वाड्याच्या रानातही आहेत, एवढे फक्त सांगून पुढे जातो.

आता एक प्रश्न, जो कोणी उभे राहून विचारणार नाही पण घरी जाताना दोघे-तिघे एकमेकांना नक्की विचारतील. पुरुषाला रेशीम मना आहे ना? मी आलिम नाही, आणि मसला सांगणे हे माझे काम नाही. शंका असेल त्याने जाणत्या आलिमांना विचारावे. पण इतिहासाचा शिक्षक म्हणून दोन गोष्टी सांगतो. हदीसमध्ये अशी नोंद आहे, की हजरत अब्दुर्रहमान बिन औफ आणि हजरत जुबैर बिन अव्वाम यांना खाजेचा त्रास होता म्हणून पैगंबरसाहेबांनी त्यांना रेशमी वस्त्र वापरण्याची मोकळीक दिली. मनाई आहे ती पोशाखाच्या मिजाशीची. आजाराची बाब वेगळी धरली गेली, हे यावरून कळते. दुसरी गोष्ट मशरू कापडाची. ताणा रेशमाचा, बाणा सुताचा, आणि वीण अशी, की रेशीम वर चमकते व अंगाला सूत लागते. नावच मुळी 'शरियतने मान्य केलेले' या अर्थाचे. औरंगाबादचा, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचा, हिमरूही रेशीम आणि सूत यांच्या मेळातूनच तयार होतो. आमच्या विणकरांनी रेशीम अंगापासून एक पदर दूर ठेवण्याची युक्ती शोधली. जखमेच्या पट्टीत ते नेमके अंगाला लागावे लागते. युनानी हकिमांच्या खमीरा आबरेशममध्ये तर कोष पोटातही जातो, आणि आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांनी तो कधी नाकारलेला मला माहीत नाही.

किमतीचा मुद्दा टाळून चालणार नाही. नव्या पट्ट्या महाग पडतात. त्यांची तुलना नुसत्या जाळीच्या पट्टीशी करून भागत नाही. स्वस्तात चांगले काम करणाऱ्या इतर वस्तूंशीही व्हायला हवी. मुंबईतच दोन उदाहरणे आहेत. वाडिया बाल रुग्णालयातील डॉ. एम. एच. केसवानी यांनी १९८५ मध्ये भाजलेल्या मुलांसाठी उकडलेल्या बटाट्याच्या सालीच्या पट्टीचा प्रयोग प्रसिद्ध केला. साल जखमेला चिकटत नाही आणि ओलावा राखते. पुढे शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातील डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाची निर्जंतुक पट्टी तयार केली; २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या तुलनेत केळीचे पान बटाट्याच्या सालीइतकेच गुणकारी आणि फारच स्वस्त ठरले. रेशमाने या दोघांना मागे टाकले पाहिजे, तरच गरिबाच्या दृष्टीने त्याला अर्थ. माझे मत असे, की उथळ भाजण्याला केळीचे पान जिंकेल आणि खोल, हट्टी, महिनोन्‌महिने न भरणाऱ्या जखमेत रेशमाला संधी आहे, कारण तिथे पट्टीने नुसते झाकून भागत नाही, पेशींना चढायला मांडव द्यावा लागतो.

परंतु कृपा करून आज रात्री कोणी घरच्या केळीचे पान तोडून, किंवा अम्मीच्या जुन्या शालूचा तुकडा फाडून, जखमेवर बांधू नये. रुग्णालयातले पान दाबाच्या वाफेत निर्जंतुक केलेले असते. पट्टीतल्या रेशमाचा डिंक काढलेला असतो, आणि तेही गॅमा किरणांनी किंवा वायूने निर्जंतुक केलेले असते. (अणुशक्ती म्हटली की आपल्याला तारापूरचे वीजकेंद्र आठवते, पण ट्रॉम्बेला १९७४ पासून आयसोमेड नावाचा प्रकल्प गॅमा किरणांनी वैद्यकीय सामान निर्जंतुक करीत आला, हेही लक्षात असू द्या.) शालूत रंग असतो, जर असते, कपाटातली डांबरगोळी असते. कापल्यावर भिंतीवरचे कोळिष्टक लावणारे लोकही मी पाहिले आहेत. कोळिष्टक हेही रेशीमच, पण त्याबरोबर घरातली सगळी धूळ जखमेत जाते.

भाजले तर काय करायचे, ते सरळ सांगतो. भाजलेला भाग ताबडतोब नळाच्या वाहत्या थंड पाण्याखाली धरायचा आणि वीस मिनिटे धरायचा. घड्याळ लावून, कारण दोन मिनिटांतच आपल्याला पुरेसे झाले असे वाटते. बर्फ नको, टूथपेस्ट नको, शाई नको, तूप नको. बांगड्या-अंगठ्या सूज यायच्या आधी काढायच्या. फोड फोडायचे नाहीत. स्वच्छ धुतलेल्या सुती कापडाने सैल झाकून दवाखाना गाठायचा. चेहरा, हात, सांधे किंवा तळहातापेक्षा मोठा भाग भाजला असेल, किंवा रसायनाने भाजले असेल, तर उद्यावर टाकायचे नाही. मधुमेह असलेल्या वडीलधाऱ्यांचे पाय घरातल्या मुलाने रोज रात्री पाहावेत; बोटांच्या बेचक्यांतही पाहावेत. साखर ताब्यात नसेल, जखमेवर वजन पडत राहिले, मेलेले मांस काढले नाही, तर जगातली कोणतीही पट्टी, रेशमाची असो वा सोन्याची, काही करू शकत नाही.

विद्यार्थ्यांपैकी ज्यांना पुढे विज्ञान घ्यायचे आहे त्यांना पाहता येईल, की या एका पट्टीत किती विषय गोळा झाले आहेत. अळीसाठी प्राणिशास्त्र, तुतीसाठी शेतकी, डिंक काढायला रसायन, तंतूंसाठी वस्त्रोद्योग, चाचणीसाठी वैद्यक आणि आकडे तपासायला संख्याशास्त्र. बारावीनंतर मेडिकलला नंबर लागला नाही म्हणून रडणाऱ्या मुली मी दरवर्षी पाहतो. पॉलिमर, जैवतंत्रज्ञान, फार्मसी, वस्त्र-अभियांत्रिकी यांपैकी कोणत्याही दाराने रुग्णाच्या खाटेपर्यंत पोचता येते, आणि त्यांपैकी काही शिक्षण मुंबई-पुण्यात, म्हणजे लोकल आणि एस.टी.च्या टप्प्यात, मिळते. पालकांनी मुलीला 'डॉक्टर नाही तर डी.एड.' एवढेच दोन रस्ते दाखवू नयेत, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

भाषणानंतर दोन प्रश्न आले. एका खालांनी विचारले, की टाक्यांचा काळा दोरा काढायचा राहून गेला तर तो आत विरघळतो का? वैद्यकशास्त्र त्याला न विरघळणारा धरते, म्हणून कातडीवरचे टाके डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशी काढलेच पाहिजेत. आत खोल राहिलेल्या रेशमाची ताकद मात्र वर्षभरात बरीच कमी होते आणि दोनेक वर्षांत ते बहुधा नाहीसे होते; शरीरातली पाचके त्याचे हळूहळू तुकडे करतात.

दुसरा प्रश्न नववीच्या एका मुलाचा. "सर, रेशीम आपल्याकडे होत नाही. आपल्याकडे होते त्याची पट्टी करता येईल का?" मला हा प्रश्न फार आवडला. करता येते, आणि ती वस्तू आपण रोज उकिरड्यावर फेकतो. कोलंबी सोलल्यावर उरणाऱ्या टरफलात कायटिन असते. टरफल आधी सौम्य आम्लात ठेवून त्यातला चुना काढतात, मग अल्कलीत प्रथिन काढतात, आणि शेवटी दाट अल्कलीत तापवून कायटिनचे कायटोसान करतात. कायटोसान रक्त लवकर गोठवते. त्याच्या पट्ट्या या शतकाच्या सुरुवातीपासून अमेरिकन सैनिक रक्तस्राव थांबवण्यासाठी वापरू लागले. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने टरफलांपासून कायटोसान करण्याच्या पद्धतीवर पुष्कळ काम केले आहे. त्या मुलाला मी संस्थेचे नाव वहीत लिहून दिले आहे. पत्र तो स्वतः लिहिणार आहे. शुद्धलेखन मी तपासून देईन.